एकशे अकरा पराभवांचा उन्हाळा

२९ सप्टेंबर २०१३, रविवार. ह्यूस्टनच्या मिनिट मेड पार्कमध्ये मोसमातला १६२ वा, म्हणजे शेवटचा सामना चालू होता. समोर न्यूयॉर्क यँकीज होते, आणि ठरलेल्या नऊ इनिंग, म्हणजे दोन्ही संघांच्या डावांच्या फेऱ्या, संपल्या तेव्हा गुणफलक १-१ वर अडकला होता. बेसबॉलमध्ये सामना अनिर्णित ठेवून घरी जाता येत नाही, त्यामुळे खेळ दहाव्या, अकराव्या, बाराव्या इनिंगमध्ये सरकत राहिला. यँकीज प्लेऑफमधून आधीच बाद झाले होते. आमच्या अ‍ॅस्ट्रोजने तोवरच्या १६१ सामन्यांपैकी ११० गमावले होते, त्यांतले शेवटचे १४ ओळीने. घरात तीन महिन्यांची मुलगी होती आणि पत्नीने ‘जाऊन ये एकदाचा’ म्हणून मला त्या दुपारची सुटी दिली होती. तेराव्या इनिंगच्या सुमारास पुढच्या रांगेतला एक जण आपल्या मित्राला म्हणाला, ‘आता जिंकले तरी हरकत नाही, पहिला नंबर केव्हाच पक्का झाला आहे.’ ते दोघे हसले, आणि मीही हसलो. चौदाव्या इनिंगमध्ये यँकीजने चार धावा काढल्या, सामना ५-१ असा गेला, आणि पराभवांची संख्या १११ झाली.

तो ‘पहिला नंबर’ म्हणजे काय, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगताना मला नेहमी थोडे कानकोंडे व्हायला होते. आपल्याकडे रणजी करंडकात तळाला गेलेला संघ प्लेट गटात ढकलला जातो; युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे क्लब सरळ खालच्या श्रेणीत जातात. हरण्याला शिक्षा असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये मात्र तळाला राहणाऱ्याला शिक्षा नसते, उलट बक्षीस असते. शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची दरवर्षी निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्या काळी तिच्यात सर्वांत वाईट कामगिरीच्या संघाला सर्वांत आधी निवड करायला मिळे. दुबळ्याला हात द्यावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. शिवाय असा निवडलेला मुलगा मुख्य लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षे तो त्याच संघाच्या ताब्यात राहतो, आणि त्यांतली साधारण पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास खेळतो. तेव्हा एखाद्या हिशेबी माणसाच्या मनात येणारच, की ७५ सामने जिंकून मधेच लोंबकळत राहण्यापेक्षा महागडे खेळाडू विकून टाकावेत, तीन-चार वर्षे सपाटून हरावे, दरवर्षी पहिला मोहरा उचलावा, आणि ती मुले एकाच वेळी तयार होतील तेव्हा एकदम उसळी घ्यावी. सभ्य भाषेत याला पुनर्बांधणी म्हणतात. चाहत्यांच्या भाषेत याला टँकिंग म्हणतात.

ह्यूस्टनमध्ये हे २०११ च्या अखेरीस ठरवून सुरू झाले. त्या वर्षी संघ ५६ जिंकून १०६ हरला होता, जुलैमध्ये हंटर पेन्स आणि मायकेल बोर्न या खेळाडूंना दुसरीकडे धाडून झाले होते, आणि नोव्हेंबरमध्ये जिम क्रेन यांनी क्लब विकत घेतला. डिसेंबरमध्ये त्यांनी जेफ लूनाउ यांना सेंट लुइसहून जनरल मॅनेजर म्हणून आणले. लूनाउ शिक्षणाने इंजिनिअर, आधीच्या आयुष्यात व्यवस्थापन सल्लागार. त्यांच्यामागोमाग सिग मेजडाल आले, जे पूर्वी नासासाठी काम केलेले संशोधक होते. २०१२ मध्ये १०७ पराभव, २०१३ मध्ये १११. खेळाडूंच्या पगारावरचा खर्च साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी. मीही पेशाने इंजिनिअर असल्यामुळे मला हे सगळे फार रुचले होते, हे इथे कबूल करून टाकतो. अर्धवट डागडुजी करत राहण्यापेक्षा इमारत पाडून नवी बांधणे स्वस्त पडते, हे मला नोकरीत रोज दिसत होते. त्या इमारतीत तेव्हा कोणी राहत असते का, हा प्रश्न मी विचारला नव्हता.

तो प्रश्न आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर विचारला गेला. तिथे आम्ही तिघे रोज बसत असू. मी, व्हेनेझुएलाहून आलेली एक सहकारी, जिचे बेसबॉलचे ज्ञान आमच्या दोघांच्या बेरजेहून जास्त होते, आणि निवृत्तीला आलेले एक टेक्सन गृहस्थ, ज्यांनी हा संघ ‘कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज’ या नावाने १९६२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून पाहिला होता. अ‍ॅस्ट्रोडोम उघडला त्या १९६५ च्या मोसमात ते वडिलांचा हात धरून तिथे गेले होते. २००५ मध्ये संघ पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, पोचला आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून चारही सामने हरला, तेव्हा ते रडले होते, असे त्यांनीच सांगितले होते. अशा माणसाला माझ्यासारखा पाच-सात वर्षांचा जुना चाहता आकडेमोड करून सांगत होता, की २०१३ मधले ५१ विजय आणि ६५ विजय यांत काहीही फरक नाही, कारण दोन्हीकडून प्लेऑफ सारखाच लांब.

त्यांनी आकड्यांना आकड्यांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, की त्यांच्या आईला नव्वदी उलटली आहे, ती वृद्धाश्रमात असते, आणि संध्याकाळी सात वाजता रेडिओ लावते. मोसमात १६२ सामने, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. मिलो हॅमिल्टन १९८५ पासून अ‍ॅस्ट्रोजचे समालोचन करत होते आणि त्यांचा शेवटचा पूर्ण मोसम २०१२ चा, म्हणजे १०७ पराभवांचाच ठरला. त्यांचा आवाज तिला घरातल्या माणसासारखा परिचित होता. ‘तुमचा संघ २०१७ चा आहे,’ ते मला म्हणाले, ‘तिचा संघ आज संध्याकाळचा आहे. तुम्ही तिच्याकडून उसने घेतले आहे, आणि तिला विचारलेले नाही.’

‘तुम्ही’ हा शब्द मला लागला होता. जणू मीच क्लबच्या कचेरीत बसून पेन्सला विकला होता. पण नंतर विचार करताना वाटले, की त्यांचे चुकले नव्हते. टँकिंगच्या वादात चाहते दोन पक्षांत विभागले जातात, त्यातला एक पक्ष नकळत मालकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. कोणाचा करार किती वर्षांचा, कोणाची ‘किंमत’ कधी उतरायला लागेल, कोणाला कधी ‘हलवावे’, अशा भाषेत तो बोलू लागतो. मी तसाच बोलत होतो. माझ्या खिशात क्लबचा एक शेअरही नव्हता, आणि तरीही पगाराचा खर्च कमी झाल्याचा मला आनंद होत होता, हे आज लिहिताना विचित्र वाटते.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, आयपीएलमधले स्पॉट-फिक्सिंगचे प्रकरण बाहेर आले. दादरहून दादाचा फोन आला तेव्हा तो तावातावाने बोलत होता, आणि बोलता बोलता मी त्याला आमच्या संघाची गंमत सांगितली, की इकडे हरण्याची योजना खुलेआम आखली जाते आणि वर्तमानपत्रांत तिची स्तुतीही होते. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग तेही फिक्सिंगच म्हण की सरळ.’ मी त्याला समजावले, की नाही, तिकडे खेळाडू बेइमान असतो आणि बाकीच्यांना पत्ता नसतो. इकडे मैदानावरचा प्रत्येक जण जीव तोडून खेळतो, हरण्याची व्यवस्था फक्त वरच्या मजल्यावर झालेली असते, आणि ती पूर्णपणे नियमात बसणारी असते. दादा म्हणाला, ‘म्हणजे आणखी वाईट.’ त्याच्याशी मी तेव्हा सहमत नव्हतो. आम्ही दोघे शिवाजी पार्कच्या कडेला वाढलेलो. ‘खडूस’ हा शब्द तिथे शिवी नसून पदवी आहे. पावसात, चिखलात कांगा लीगचा सामना वाचवायचा म्हणून तासभर खेळपट्टीवर नांगर टाकून बसलेली माणसे आम्ही पाहिली होती. त्या मुशीतून आलेल्या माणसाने हरण्याचे गणित मांडावे, यात दादाला काहीतरी घराण्याला बट्टा लागल्यासारखे वाटले असावे.

मैदानावर कोणी हरायला उतरत नव्हते, हे मात्र खरेच होते, आणि ते त्या वर्षी फारच ठळकपणे दिसले. मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात, २ एप्रिलला, टेक्सास रेंजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, यू दार्विश याने आमचे पहिले २६ बॅटर ओळीने बाद केले. एक बाद राहिला होता. तो झाला असता तर ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकाही बॅटरला पहिल्या बेसवर न पोचू देण्याचा पराक्रम, आमच्या नावावर लाजिरवाणा म्हणून चिकटला असता. सत्ताविसावा बॅटर मार्विन गोन्झालेझ होता. त्याने पहिल्याच चेंडूवर दार्विशच्या पायांमधून चेंडू मध्यमैदानात मारला. सामना आम्ही ७-० असा हरलो, पण मी घरात उठून उभा राहिलो होतो. त्या वर्षी आमच्या ख्रिस कार्टरने २९ होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले आणि तो २१२ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू हुकून बाद, झाला. त्याच्या प्रत्येक फटक्यात सगळे वजन असे, लागला तर लागला. त्या संघातल्या कित्येकांना मोठ्या लीगमधली पुरती संधी त्या एकाच मोसमात मिळाली, पुन्हा मिळाली नाही. त्यांच्यासाठी ते ‘पुनर्बांधणीचे वर्ष’ नव्हते, तीच त्यांची इमारत होती. या वादात त्यांचे नाव कोणी काढत नाही.

प्रेक्षक कमी झाले, हे सांगायला नकोच. २००७ मध्ये वर्षभरात ३० लाखांहून जास्त माणसे मैदानावर आली होती, २०१२ मध्ये ती १६ लाखांवर आली. टीव्हीचे तर विचारूच नये. संघाची नवी वाहिनी आणि केबल कंपन्या यांच्यात बिनसले होते, त्यामुळे शहरातल्या बहुसंख्य घरांत सामने दिसतच नव्हते. आमच्या घरातही नाही. सप्टेंबर २०१३ मधल्या एका सामन्याची ह्यूस्टनमधली प्रेक्षकसंख्या मोजणीच्या यंत्रणेत ०.० अशी नोंदली गेली. मोजणी नमुन्यावर चालते, तेव्हा त्याचा अर्थ कोणीच पाहत नव्हते असा होत नाही, पण शहरभर तो विनोद झाला. मी रेडिओ ऐकत होतो. त्याच वर्षापासून संघाला अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात हलवले होते, त्यामुळे सिअ‍ॅटल, ओकलंड, अ‍ॅनाहाइम इथले सामने आमच्याकडे रात्री नऊ वाजता सुरू होत आणि मध्यरात्रीनंतर हरून संपत. बाकीच्या ह्यूस्टनला हा ताप होता. माझ्या खांद्यावर एक न झोपणारे मूल असल्यामुळे मला ती वेळ सोयीची होती.

रिकाम्या मैदानाचेही एक सुख असते. तिकीट स्वस्त असे, छत मिटलेले असल्यामुळे बाहेरच्या ऑगस्टपासून सुटका मिळे, डावीकडच्या भिंतीवर ती संत्र्यांनी भरलेली आगगाडी होम रन झाला की शिट्टी वाजवत धावे, आणि मध्यमैदानाच्या टोकाला तेव्हा एक चक्क उंचवटा होता, ज्यावर धावत जाऊन झेल घ्यावा लागे. अशा मैदानात एखादा मराठी माणूस क्वचितच भेटे. पण ११ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री तिथेच सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांच्या संघांचा प्रदर्शनी सामना झाला. बेसबॉलच्या त्या वेड्यावाकड्या मैदानात बाहेरून तयार केलेली खेळपट्टी आणून बसवली होती आणि महाराष्ट्र मंडळातली ओळखीची निम्मी माणसे तिथे दिसत होती. वॉर्नच्या संघाने २६२ धावा केल्या आणि सचिनचा संघ हरला. त्या रात्री एकाही माणसाने योजनेचा, भविष्याचा, निवडीच्या क्रमांकाचा उल्लेख केला नाही. सगळे ‘सचिनने अजून थोडे टिकायला हवे होते’ एवढेच बोलत घरी गेले.

तोवर अ‍ॅस्ट्रोज जिंकू लागले होते. २०१४ मध्ये ७० विजय, २०१५ मध्ये ८६ आणि थेट प्लेऑफ. तिथे कॅन्सस सिटीविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये ६-२ अशी आघाडी असताना आम्ही तो सामना ९-६ असा घालवला आणि पुढचा हरून बाहेर पडलो. गंमत म्हणजे, तो पराभव मला आधीच्या तीन वर्षांतल्या सगळ्या पराभवांहून जास्त झोंबला. त्याच्यामागे योजना नव्हती ना. जून २०१४ मध्येच ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावर आमच्या जॉर्ज स्प्रिंगरला छापून अ‍ॅस्ट्रोजना २०१७ चे विश्वविजेते ठरवून टाकले होते, आणि आमच्या टेबलावर तो अंक हातोहात फिरला होता. टेक्सन गृहस्थांनी तो चाळला आणि त्यावर आपला कॉफीचा पेला ठेवला.

२०१७ मध्ये तसेच घडले. १०१ विजय, म्हणजे आपल्याकडे आहेराच्या पाकिटात शोभावा असा आकडा. ऑगस्टच्या अखेरीस हार्वी वादळाने शहर पाण्याखाली गेले. आमच्या गल्लीत कमरेइतके पाणी होते. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीला काही क्षण उरले असताना पिचर जस्टिन वरलँडर डेट्रॉइटहून आमच्याकडे आला. भिजलेले गालिचे रस्त्याकडेला पडलेले असताना लोक बेसबॉल बोलत होते. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना १३-१२ असा दहाव्या इनिंगमध्ये अ‍ॅलेक्स ब्रेगमनच्या फटक्याने सुटला, आणि १ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सातवा सामना आम्ही ५-१ असा जिंकला. शेवटचा चेंडू होजे अल्तुवेने उचलून पहिल्या बेसवर फेकला. गुणसंख्या तीच होती, २०१३ च्या त्या शेवटच्या रविवारची. फक्त बाजू फिरली होती. मी टेक्सन गृहस्थांना फोन केला. ते तोवर निवृत्त झाले होते. ते रडत होते आणि हसत होते, आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, ‘मला फार आनंद झाला आहे, आणि माझे मत तेच आहे.’ आईबद्दल विचारायचा धीर मला झाला नाही.

व्हेनेझुएलाच्या सहकारीचे मत वेगळेच होते, आणि आज मला तेच सर्वांत धारदार वाटते. ती म्हणे, की तुम्ही दोघेही गृहीत धरता की हरल्यामुळे संघ घडला. जरा नावे घ्या. अल्तुवे २००७ मध्ये अवघ्या १५ हजार डॉलरवर करारबद्ध झाला. साडेपाच फुटी पोर म्हणून माराकाइच्या चाचणीतून त्याला घरी पाठवले होते, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. डॅलस काइकल २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत मिळाला. स्प्रिंगरची निवड २०११ मध्ये, म्हणजे लूनाउ येण्याआधी, आणि तीही अकराव्या क्रमांकावर. मार्विन गोन्झालेझ, ज्याने दार्विशला रोखले आणि २०१७ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये बरोबरीचा होम रन मारला, तो तर कोणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. आता हरून मिळालेले पहिले क्रमांक मोजा. २०१२ मध्ये कार्लोस कोरेआ, हे मान्य. त्याला त्या क्रमांकासाठी ठरलेल्यापेक्षा कमी पैशांत पटवून उरलेल्या पैशांतून लान्स मॅककलर्सही मिळवला, हे तर फारच हुशारीचे. २०१३ मध्ये मार्क अपेल, जो अ‍ॅस्ट्रोजकडून एकही सामना खेळला नाही. त्याच्या मागच्याच क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला उचलले. आणि मार्च २०१४ मध्ये याच हुशार मंडळींनी जे. डी. मार्टिनेझला नको म्हणून सोडून दिले, तो डेट्रॉइटला जाऊन नावारूपाला आला.

उरले ते १११ पराभवांचे थेट फळ. ज्या ‘पहिल्या नंबरा’वरून त्या रविवारी आम्ही हसलो होतो, त्याच्यावर २०१४ मध्ये सॅन दिएगोचा ब्रेडी एकन हा शाळकरी पिचर निवडला गेला. ६५ लाख डॉलरवर बोलणी झाली होती. मग तपासणीत त्याच्या कोपराच्या स्नायुबंधात काहीतरी खटकले, क्लबने रक्कम खाली आणली, मुलाने सही केली नाही, आणि मुदत संपली. त्याच पैशांच्या गणितावर अवलंबून असलेल्या आणखी एका मुलाचा ठरलेला करारही मोडला. म्हणजे १११ वेळा हरून हाती आले शून्य. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाची जादा निवड मिळाली, आणि तिच्यावर आला ब्रेगमन, तोच, ज्याने पाचवा सामना जिंकून दिला. याला योजना म्हणावे की नशीब, यावर आम्ही दोघे एक अख्खा आठवडा भांडलो. माझे म्हणणे असे, की योजना म्हणजे नशिबाला जास्त वेळा दार वाजवू देणे. तिचे म्हणणे असे, की जिंकल्यावर प्रत्येक दार आपणच बांधले होते असे वाटते.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये कळले, की २०१७ मध्ये आमच्याच मैदानावर मध्यमैदानातल्या कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचर कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला सांगण्यासाठी करतो त्या खुणा टिपल्या जात होत्या आणि डगआउटमागे कचऱ्याचा पिंप बडवून बॅटरला पुढचा चेंडू सांगितला जात होता. जानेवारी २०२० मध्ये लूनाउ आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांच्यावर वर्षभराची बंदी आली, क्रेन यांनी दोघांना काढून टाकले, ५० लाख डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या निवडी गेल्या. लूनाउ यांनी आपल्याला हे ठाऊक नसल्याचे सांगितले. चौकशीच्या अहवालाने त्यांच्या विभागातल्या वातावरणावरच बोट ठेवले. मुद्दाम हरणे आणि पिंप बडवणे या दोन गोष्टी एक नाहीत, एक नियमात होती आणि दुसरी नव्हती, हे मला कळते. पण शेवटाकडे नजर लावून मधल्या प्रत्येक दिवसाला केवळ साधन मानण्याची सवय एकदा लागली, की ती वरच्या मजल्यावरच थांबेल असे कोणी का मानावे? दादाचे ‘म्हणजे आणखी वाईट’ मला तेव्हा आठवले. त्याने मात्र फोन करून टोमणा मारला नाही.

पुढे २०२२ मध्ये मॅनेजर डस्टी बेकर यांच्या हाताखाली संघ पुन्हा जिंकला, या वेळी कोणताही डाग नसताना, आणि मला त्याचा २०१७ इतकाच, कदाचित जरा निवांत आनंद झाला. दरम्यान ह्यूस्टनचा कित्ता इतरांनी गिरवायला घेतला होता. मेजडाल आणि त्यांचे सहकारी माइक इलायस बाल्टिमोरला गेले. तिथे २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० पराभव झाले, मग २०२३ मध्ये १०१ विजय, आणि प्लेऑफमध्ये तीन सामन्यांत गाशा गुंडाळला. शिकागो व्हाइट सॉक्सने २०१८ मध्ये १०० सामने हरून उभा केलेला संघ २०२० आणि २०२१ मध्ये प्लेऑफला पोचला, तिथेच अडला, आणि २०२४ मध्ये १२१ पराभवांवर कोसळला. आधुनिक काळात एवढे कोणीच हरले नव्हते. तोवर लीगनेच नियम बदलले होते. आता पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढतात, तळाच्या तिघांना सारखीच संधी असते, आणि ओळीने वर्षानुवर्षे तळाशी बसून सोडतीतला क्रमांक घेता येत नाही. त्यामुळे १२१ सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सला २०२५ मध्ये दहावा क्रमांक मिळाला.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रोज ८७ सामने जिंकूनही प्लेऑफला मुकले, २०१६ नंतर पहिल्यांदाच. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे आणि तिच्या आठवणीत हा संघ त्याआधी कधी प्लेऑफ न खेळता घरी बसलेला नाही. ती फार चिडली होती. जेवताना तिने तोडगा काढला, की सगळ्या महागड्या लोकांना विकून टाकावे, तीन वर्षे हरावे, आणि नवे कोरेआ-ब्रेगमन आणावेत, कारण तसे एकदा केलेलेच आहे. मी तिला सोडतीचा नियम सांगितला, व्हाइट सॉक्सची गोष्ट सांगितली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच टेक्सन गृहस्थांचे वाक्य जसेच्या तसे माझ्या तोंडून बाहेर पडताना ऐकले. तिला ते पटले नाही. ती तिच्या वयाच्या मानाने चांगली हिशेबी आहे; कोणाचा करार कधी संपतो, ते तिला पाठ आहे.

मग मी तिला त्या उन्हाळ्याबद्दल सांगू लागलो. ओकलंडच्या सामन्याची नववी इनिंग, रात्रीचे साडेबारा, रेडिओचा आवाज अगदी बारीक, आणि स्वयंपाकघरापासून बैठकीच्या खोलीपर्यंत माझ्या येरझाऱ्या. कोण पिचर होता, कितीने हरलो, हे मला अजून बऱ्यापैकी सांगता येते, २०१९ च्या १०७ विजयांबद्दल मात्र येत नाही. तिने सगळे ऐकून घेतले.

‘पण बाबा, रोजच हरत होते, तर तू रोज रात्री का ऐकायचास?’

‘तू झोपायची नाहीस म्हणून.’